‘तुझे राज्य येवो’ म्हटल्यावर सोमवारी काय करायचं?

सलाम.

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही पिंपरीत राहता आणि चाकणच्या एका कंपनीत पुरवठादारांची बिलं तपासून पुढे पाठवता. तुमच्या मंडळीत (चर्चमध्ये) गेले काही रविवार ‘देवाचे राज्य आत्ता आणि इथे’ यावर उपदेश चालू आहे. पत्नीच्या माहेरची मंडळी मात्र म्हणते की राज्य येईल ते प्रभूच्या दुसऱ्या येण्याच्या वेळी; तोवर आत्मे वाचवायचे आणि वाट पाहायची. म्हणून तुम्ही विचारताय, राज्य आलंय तर दिसत का नाही? आणि खरंच आलं असेल तर नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जायला नको का? शेवटी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य आहे. भोसरीच्या एका लहान पुरवठादाराचं बिल वरून ‘सध्या थांबवा’ असं सांगितलंय, तो रोज फोन करतो आणि तुम्ही फोन उचलत नाही.

मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे. पहिल्या दोन प्रश्नांकडेही येतो, पण तिसरा सुटल्याशिवाय त्यांची उत्तरं नुसती पाठांतराची होतील.

मी पाळक नाही. माझी सगळी नोकरी पिंपरी-भोसरी पट्ट्यात, खरेदी आणि स्टोअर्समध्ये गेली. आता निवृत्त आहे, मंडळीत वडील (एल्डर) म्हणून काम करतो, आठवड्याचा बायबल अभ्यास चालवतो. रीतसर धर्मशास्त्र शिकलेली माणसं पुण्यात भरपूर आहेत. नगर रस्त्याला ज्ञानदीप विद्यापीठ आहे, बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. शास्त्रशुद्ध उत्तर हवं असेल तर तिकडे विचारा. मी देतोय ते बिलं पाहिलेल्या माणसाचं उत्तर आहे.

‘दिसत का नाही’ हे विचारणारे तुम्ही पहिले नाही. येशूच्या काळच्या लोकांना राज्य हवं होतं ते डोळ्यांत भरेल असं: रोमी शिपाई हाकलले जातील, दाविदाची गादी पुन्हा उभी राहील. इतके दिवस बरोबर राहून, पुनरुत्थान पाहूनही शिष्य प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात हेच विचारतात, की इस्राएलाचं राज्य आता परत देणार का? परूशी नावाच्या यहुदी पंथातल्या लोकांनी ‘कधी’ म्हणून विचारलं तेव्हा (लूक, अध्याय 17) उत्तर मिळालं की ‘ते पाहा, तिकडे’ असं बोट दाखवता येईल अशा रीतीने ते येत नाही, ते तुमच्यामध्येच आहे. आणि हे सांगणाऱ्यानेच शिष्यांना ‘तुझे राज्य येवो’ अशी प्रार्थना शिकवली. पुरतं आलेलं असतं तर ‘येवो’ कशाला म्हणायचं? म्हणजे तुमचे पाळकसाहेब आणि तुमची सासुरवाडी एकाच दोरीचं एकेक टोक धरून उभी आहेत.

विद्वानांनीही ही दोरी भरपूर ओढली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्बर्ट श्वाइट्झर म्हणाले की येशू जगाचा शेवट अगदी जवळ आल्याचं धरून बोलत होता. 1935 मध्ये ब्रिटनच्या सी. एच. डॉड यांनी उलट बाजू लावून धरली, की येशूबरोबर राज्य आलंच. पुढे ऑस्कर कुलमान यांनी दुसऱ्या महायुद्धाचा दाखला दिला. जून 1944 मध्ये दोस्त फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या तेव्हाच निकाल लागल्यात जमा होता, पण युरोपातली लढाई थांबली मे 1945 मध्ये. मधले अकरा महिने माणसं मरतच होती. क्रूस आणि पुनरुत्थान म्हणजे तो लागलेला निकाल, आणि आपण राहतोय ते त्या मधल्या महिन्यांत. दिसत का नाही याचं उत्तर माझ्यापुरतं इथे संपतं. लढाई थांबलेली नाही, म्हणून धूर दिसतो. निकाल लागलाय, म्हणून आपण वेगळं वागू शकतो.

वेगळं म्हणजे कसं, हा खरा अवघड भाग. ‘देवाचे राज्य आत्ता’ असं ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठी कामं येतात. अनाथालय, दवाखाना, झोपडपट्टीत शाळा. ती कामं थोर आहेतच. पण राज्याची पहिली कसोटी फार लहान जागेत लागते. प्रत्येकाचा शब्द कुठे तरी चालतो. तुमचा चालतो बिलांच्या रांगेवर. घरात महिन्याच्या खर्चावर, कामवाल्या मावशींच्या पगारावर, जेवायला कोणाला बोलवायचं यावर. तेवढीच आपली सत्ता. तिथे आपला शब्द मागे घेऊन देवाचा चालू देणं, यालाच मी आत्ताचं राज्य म्हणतो. जिथे आपलं काही चालत नाही त्या जागेबद्दल प्रार्थना करावी. जिथे चालतं तिथे नुसती प्रार्थना करणं म्हणजे काम टाळणं.

हे मला शिकवलं मत्तयाच्या विसाव्या अध्यायातल्या द्राक्षमळ्याच्या मालकाने. दाखला तुम्हाला पाठ असेल, पण तो एकदा सकाळी वारज्याच्या नाही तर डांगे चौकाच्या मजूर अड्ड्यावर उभं राहून आठवा. सातच्या सुमाराला टेम्पो येतात, धडधाकट गडी उचलले जातात. नऊनंतर गर्दी विरळ होते. अकरा वाजता जे उरतात त्यांच्याकडे नीट पाहा: पिकलेल्या केसांचा बिगारी, कडेवर पोर असलेली बाई, हाताला फडकं गुंडाळलेला सेंट्रिंगवाला. काम करायची त्यांची तयारी असते, त्यांना कोणी नेलेलं नसतं. दाखल्यातला मालक संध्याकाळी पाचला जाऊन विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते सांगतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. तो त्यांना नेतो आणि तासाभराच्या कामाला पूर्ण दीनार देतो, म्हणजे त्या काळची अख्ख्या दिवसाची मजुरी. घरी चूल पेटायला तेवढी लागतेच. तासाभराचे पैसे मोजून दिले असते तर ती पेटली नसती.

यात दोन गोष्टी सहसा नजरेतून सुटतात. मालकाने अड्डा बंद केला नाही, शहराचा मजुरीचा दर बदलला नाही. ती त्याच्या हातातली गोष्टच नव्हती. त्याच्या हातात होता त्याचा मळा, आणि मळ्यात त्याने वेगळी रीत चालवली. दुसरी गोष्ट, पहाटेपासून राबलेल्यांचा एक पैसाही त्याने कापला नाही. ठरलेलं होतं तेवढं दिलं. उदारपणा त्याने स्वतःच्या खिशातून केला, इतरांच्या हिश्शातून नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण बिलांच्या कामात ‘दया’ दाखवायची म्हणून कोणी एकाची रांग मोडून दुसऱ्याला पुढे घेतो आणि त्याला प्रेम म्हणतो. रांगेत मागे ढकललेल्यालाही कामगार आहेत.

आता तुमचा भोसरीचा माणूस. त्याला मी ओळखत नाही, पण तशा माणसांत मी आयुष्य काढलंय. दोन लेथ, एक मिलिंग, चार-पाच कामगार, बँकेची सीसी (कॅश क्रेडिटची कर्जमर्यादा) काठोकाठ भरलेली. त्याने माल दिला, चलनावर शिक्का घेतला. तुमच्याकडे जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाली की नाही हे त्याला कळत नाही. क्वालिटीने होल्ड लावला असेल तर तेही कोणी सांगत नाही. कामगार आठवड्याच्या उचलीसाठी दारात उभे राहतात. तो तुम्हाला फोन करतो तेव्हा त्याच्यामागे ही माणसं उभी असतात. पवित्र शास्त्रात यासाठी लांब शोधायला नको. मजुराचं वेतन रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, असं लेवीय 19 मध्ये आहे. अनुवाद या बायबलमधल्या पुस्तकाचा 24 वा अध्याय म्हणतो की ते त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावं, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यात अडकलेला असतो. याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी जातं. तुम्ही फोन उचलला नाहीत तरी तो तिकडे लागलेला आहे.

इथे देशाचा कायदाही तुमच्या बाजूने आहे, आणि श्रद्धेच्या माणसाने कायदा वापरायला लाजू नये. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर करारातल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीने. त्यात 2023 च्या वित्त कायद्याने प्राप्तिकराचा चिमटा काढला: असं देणं मुदतीत दिलं नाही तर ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी ते खर्च म्हणून धरता येतं. बायबलचं वचन ऐकून तुमचे फायनान्सचे साहेब कदाचित हसतील. करपात्र नफा वाढतोय म्हटल्यावर ते नक्की खुर्ची पुढे ओढतील. तुमच्या पुरवठादाराची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का, हे मात्र आधी बघा. आणि तो स्वतः उत्पादन करतो की नुसता व्यापार, हेही. व्यापाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही.

तर करायचं काय? फोन उचला. पैसे लगेच देता येत नसतील तर तसं सांगा, पण खरं सांगा. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे आमच्या खात्यातलं सगळ्यात जुनं खोटं. बिल कशावर अडलंय, कोणता कागद कमी आहे, कोणाच्या सहीसाठी थांबलंय, हे कळलं तर निदान तो बँकेत जाऊन बोलू शकतो. मग साहेबांना ईमेल लिहा. माल स्वीकारल्याची तारीख, 45 वा दिवस कोणता, पुढे व्याज आणि कर किती, एवढंच. उपदेश नको. माल खरंच सदोष असेल तर तेवढी रक्कम वजा करणारी डेबिट नोट लगेच काढा आणि उरलेलं बिल मोकळं करा. पाच नगांच्या रिजेक्शनवर अख्खं बिल अडवून ठेवणं ही चोरीच, फक्त व्हाउचर लावलेली. दिवाळीच्या डब्याचंही आधीच ठरवून टाका. मी मिठाई आली तर सगळ्या खात्यात उघडी ठेवायचो आणि पाकीट आलं तर परत पाठवायचो. यामुळे कोणी मला संत म्हटलं नाही. ‘आखडू’ म्हणायचे.

किती पुढे जायचं हे तुमच्या परिस्थितीवर आहे, ते मी इथे बसून ठरवू शकत नाही. घराचा हप्ता किती, पगार एकट्याचाच आहे का, साहेब ऐकणारे आहेत की डूख धरणारे, हे तुम्हालाच माहीत. साहेबांनी ‘थांबवा’ म्हटलं आणि तुम्ही लेखी सांगूनही त्यांनी थांबवलंच, तर तो निर्णय त्यांचा. त्यासाठी रात्रीची झोप घालवू नका. पण जीआरएनची तारीख मागेपुढे करा असं सांगितलं, म्हणजे 45 दिवस कागदावर तरी कमी दिसतील, तर तिथे नाही म्हणा. ती तुमची सही आहे. नोकरीला धोका आहे का? आहे. म्हणून ती वेळ यायच्या आत पत्नीशी बोलून ठेवा. तिला एक दिवस अचानक कळलं की राज्यासाठी पगार गेला, तर तो तिच्यावर अन्याय होईल.

इतकं लिहिलं ते एका दमात असं: राज्य आलंय पण पुरतं नाही, त्याचं आत्ताचं रूप तुमचा शब्द चालतो त्या जागेत दिसायला हवं, तुमच्या बाबतीत ती जागा बिलांची रांग आहे. आता घरात येतो, कारण कंपनीत शहाणा आणि घरात राजा असा ख्रिस्ती माणूस मी बराच पाहिलाय.

गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन तुम्हाला ठाऊक असेल. तिथे 1890 मध्ये पुण्यातली नामांकित मंडळी एका कार्यक्रमाला गेली, न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक त्यांत होते. चहा-बिस्किटं समोर आली. कोणी प्यायले, कोणी नुसता कप हातात घेतला. नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि एवढ्या चहावरून शहरात ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. आपण ख्रिस्ती लोक ही गोष्ट हसत हसत सांगतो, जणू कप नेहमी आपणच पुढे केला. मग स्वयंपाकघरात जाऊन बघावं, मावशींची कपबशी सिंकखाली वेगळी ठेवलेली असते. मंडळीतल्या स्थळांच्या वह्यांत ‘मूळचे’ कोण याची चौकशी चालू असते, बाप्तिस्म्याला चार पिढ्या होऊन गेल्या तरी. लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू जेवणाच्या पंक्तीत बसूनच सांगतो की मेजवानीला परतफेड करू शकतील अशांना बोलावू नका. राज्याची चित्रं रंगवताना तो मंदिरापेक्षा पंगतच जास्त वेळा काढतो. माझा सल्ला असा, की सेवेचा कोणताही नवा उपक्रम सुरू करायच्या आधी घरातली वेगळी कपबशी मोडीत काढा. मावशींना महिन्यात चार सुट्ट्या आणि पगाराची ठरलेली तारीख द्या. मागून घ्यायला लावू नका.

एक गोष्ट उपदेशात कमी ऐकू येते. या राज्याची कामं आपल्या कुंपणाबाहेरही चालतात. आमच्या स्टोअरला एक माळकरी गृहस्थ होते, आषाढीला रजा ठरलेली. ट्रक-ड्रायव्हरकडून त्यांनी कधी चहासुद्धा घेतला नाही, आणि गाडी आली की जेवणाची सुट्टी असली तरी उतरवून घ्यायचे, ड्रायव्हरचा दिवस फुकट जाऊ नये म्हणून. मत्तय 25 मध्ये उजवीकडचे लोक चकित होऊन विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं? त्यांना माहीतच नव्हतं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ उभा केला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त यावेत अशी त्यांची इच्छा होती. सगळ्या मिशनऱ्यांना ते रुचलं नव्हतं. तेव्हा ऑफिसात राज्य जगायचं म्हणजे प्रत्येकाला धर्मप्रसाराची पत्रकं वाटायची, असं नाही. कोणी विचारलं तर लपवू नका, न विचारता विकू नका. आणि राज्य म्हणजे आपल्या लोकांची संख्या किंवा सत्ता वाढणं, असं कोणी सांगू लागलं तर रोमी सुभेदार पिलातासमोर उभा असलेला राजा आठवा. त्याच्या बाजूने त्या दिवशी एकही शिपाई नव्हता.

सासुरवाडीच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण तुमच्या प्रश्नात त्यांच्याबद्दल किंचित चेष्टेचा सूर आहे. नुसतं ‘आत्ता, आत्ता’ सांगणारी शिकवण माणसं मोडते. आजारी माणसाला म्हणतात, राज्य आलंय, मग तू बरा का होत नाहीस, विश्वास कमी पडतोय. 2020 आणि 2021 मध्ये आम्ही दफनभूमीत चार माणसं लांब लांब उभी राहून प्रार्थना केल्या. त्या घरांना राज्य इथेच आहे म्हणून सांगायला गेलो असतो तर त्यांनी दार लावलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं. तिथे उपयोगी पडलं ते तुमच्या सासऱ्यांचं टोक: प्रभू येणार आहे, डोळ्यांतलं पाणी पुसलं जाणार आहे, हा शेवट नाही. गहू आणि निदणाच्या (तणाच्या) दाखल्यात धनी चाकरांना निदण उपटू देत नाही, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या म्हणतो. तुम्ही सगळं नीट करूनही भोसरीचं ते वर्कशॉप बंद पडू शकतं. तेव्हा ‘येवो’ एवढंच म्हणता येतं. कॅथलिक मित्रांकडे ख्रिस्तराजाचा सण असतो, आगमनकाळाच्या आधीचा रविवार. पोप अकरावे पायस यांनी तो 1925 मध्ये, इटलीत मुसोलिनीची सत्ता असताना सुरू केला. एक राजा मानायचा आणि त्याच वेळी त्याची वाट पाहायची, हे दोन्ही त्या एका रविवारात बसतं. पत्नीबरोबर महिन्यातून एकदा तिच्या मंडळीत जा. वाद घालायला नको, गाणी गायला जा.

राहिला नोकरी सोडण्याचा प्रश्न. लूकच्या अठराव्या अध्यायात येशू एका श्रीमंत अधिकाऱ्याला सांगतो, सगळं विकून टाक आणि माझ्यामागे ये. लगेच पुढच्या अध्यायात जक्कय भेटतो, जकातदारांचा मुख्य. त्याला नोकरी सोडायला सांगितल्याचं कुठे नाही. तो स्वतःच अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवणुकीच्या चौपट परत द्यायचं कबूल करतो, आणि येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं. दोन पैसेवाले, एका पानाच्या अंतराने, दोन वेगळी उत्तरं. म्हणून ‘सोडावी का’ याला सगळ्यांसाठी एक उत्तर कोणी देत असेल तर मी सावध होतो.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण सेवेत जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी देतो, पण जरा वेगळ्या कारणासाठी. 1889 मध्ये मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन त्यांनी पुढच्याच वर्षी पुण्यात आणलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आले, इतक्या मुली शहरात ठेवता येईनात, म्हणून केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांना नेलं. तिथे विहिरी खणल्या गेल्या, फळबाग लावली गेली, छापखाना चालला, अंध बायकांना ब्रेल शिकवलं गेलं. 1905 मध्ये तिथे मोठी आत्मिक जागृती झाली ती पाणी शेंदणाऱ्या आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुलींमध्येच. ‘आत्मिक काम’ आणि ‘साधं काम’ अशा दोन वह्या केडगावला नव्हत्या. तुमच्या डोक्यात त्या दोन वह्या आहेत असं पत्रावरून दिसतं: चाकण एका वहीत, सेवा दुसरीत. त्या वह्या घेऊन सेमिनरीत गेलात तर तिथेही वर्षभरात कंटाळाल, कारण मंडळीतही बिलं असतात, समितीची भांडणं असतात, दफनभूमीच्या जागेची पत्रं असतात.

ना. वा. टिळकांनीही मिशनची नोकरी सोडली, पण ती बरीच वर्षं सेवा करून झाल्यावर, 1917 मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर. पाचारण, म्हणजे देवाने सेवेला बोलावणं, असतं, ते खरं असतं, त्याला माझा नकार नाही. मी तरुणांना एकच विचारतो: तू गेलास तर इथे कोणाला चुकल्यासारखं वाटेल? पुरवठादारांना, शिपायाला, कॅन्टीनच्या पोराला कोणालाच काही फरक पडणार नसेल, तर अजून निघायची वेळ झालेली नाही असं मी धरतो. हा माझा अंदाज आहे, वचन नाही.

व्यवहाराचं सांगायचं तर मार्चच्या क्लोजिंगच्या धामधुमीत निर्णय घेऊ नका; त्या महिन्यात आमच्या खात्यातल्या प्रत्येकाला पाचारण होतं. पाळकसाहेबांना भेटा आणि उपदेश ऐकायला म्हणून नाही तर त्यांचा साधा आठवडा कसा जातो ते विचारायला जा. जमलं तर दोन-तीन दिवस त्यांच्यामागे फिरा, इस्पितळात, घरभेटींना, पास्टोरेट कमिटीच्या बैठकीला. मग सेमिनरीत नोकरी सांभाळून करता येण्यासारखा एखादा अभ्यासक्रम आहे का ते विचारा आणि तो आधी पुरा करा. फी, राहण्याची सोय आणि पत्नीच्या नोकरीचं काय, हे तिघांनी, म्हणजे तुम्ही दोघं आणि पाळकसाहेबांनी, एका कागदावर लिहून काढा. बिल तुमच्या कंपनीत नेमकं कोणत्या टेबलावर थांबतं आणि पुरवठादाराशी लेखी करार आहे का, हे कळवलंत तर साहेबांना लिहायच्या ईमेलचा मसुदा मी करून देईन.